ऑफ तासाचे सर: नीतिशास्त्रावरचा सोळा पानी मंगा कसा काढायचा

जपानच्या उच्च माध्यमिक शाळांत नीतिशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. तो शिकवणारा मास्तर मंगासाठी, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथेसाठी, फार सोयीचा, कारण त्याच्या हातात धाक कमी आणि प्रश्न जास्त असतात. आपल्या वेळापत्रकात असा तास नसतो, तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारात एक काल्पनिक मराठी शाळा वसवा आणि तिथे ऑफ तासाला येणारे सर घ्या. पहिल्या अंकाला सोळा पानं पुरतात. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं मिळतात, म्हणून पानसंख्या चारच्या पटीतच हवी. चौदा पानांची गोष्ट सोळावर ताणली की ते ताणणं दिसतं.

सुरुवात पेचापासून करा, चित्रं नंतर. कुठलीही बाजू घेतली तरी काहीतरी गमवावं लागेल असा पेच हवा. ‘कॉपी करावी का?’ हा पेच नव्हे, त्याचं उत्तर सगळ्या वर्गाला ठाऊक असतं. बडोद्याला पेच शोधत लांब जावं लागत नाही. १९१७ मध्ये आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या घोळक्याने त्यांना बाहेर काढलं आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला. याच्यासमोर जर्मन तत्त्वज्ञ कांट ठेवा. १७९७ च्या निबंधात तो म्हणतो की मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात येऊन पत्ता विचारत असला, तरी खोटं बोलण्याचा हक्क आपल्याला नाही. सर फळ्यावर आधी कांटचं मत लिहितील, मग धर्मशाळेच्या वहीतल्या त्या नावाबद्दल विचारतील. एका अंकात एकच तत्त्वज्ञ. मिल आणि ॲरिस्टॉटल पुढच्या अंकांसाठी राखून ठेवा.

एवढ्याने गोष्ट होत नाही, धडा होतो. वर्गात कुणाला तरी आज, याच आठवड्यात, त्या प्रश्नाची झळ लागायला हवी. समजा, अकरावीतल्या एका मुलीच्या घरचे भाड्याने जागा शोधतायत आणि दलालाने ‘आडनाव जरा वेगळं सांगा’ असा सल्ला दिलाय. ती वर्गात हे बोलत नाही. फळ्यावरचं वाक्य उतरवताना तिचं पेन थांबतं, ती चौकट अर्धं पान व्यापू दे, आणि त्यात एकही शब्द नको. सरांनी निकाल द्यायचा नाही. त्यांच्या वाट्याला एका पानावर पंचवीसेक शब्दच ठेवा. बहुतेक कच्चे मंगा इथेच फसतात: सर भाषण देतात आणि वाचक संवादांचे फुगे न वाचता पान उलटतो.

आता सोळाही पानं तळहाताएवढ्या चौकोनांत कच्ची मांडा. माणसं काड्यांची चालतील, संवाद मात्र पूर्ण लिहा. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून चौकटींचा क्रम आणि बांधणी दोन्ही डावीकडून. जपानी उजवा क्रम हौसेने ठेवलात तर फुग्यातली ओळ एकीकडे आणि चौकटी दुसरीकडे धावतात. विषम आकड्याचं पान उजव्या हाताला येतं. सरांचा प्रश्न त्याच्या शेवटच्या चौकटीत टाका, म्हणजे पान उलटेपर्यंत वाचकाला स्वतःचं उत्तर शोधायला उसंत मिळते.

फुग्यांचं गणित वेगळं आहे. जपानी मजकूर उभा लिहिला जातो म्हणून तिथले फुगे उंच आणि अरुंद. मराठीला ते आडवे लागतात: तीन-चार ओळी, ओळीत बारा-पंधरा अक्षरं. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. आधी मजकूर लिहायचा, मग त्याभोवती फुगा काढायचा. उलट केलं की शेवटचा शब्द कोंबावा लागतो. हातचं अक्षर नको असेल तर मुक्त किंवा कलम हे फुकट मिळणारे फॉन्ट चांगले. पोरांच्या तोंडी बडोद्याची गुजराती मिसळलेली मराठी येऊ द्या. सर मात्र नीट बोलू देत, त्या फरकानेच वर्ग उभा राहतो.

चित्रं ए-फोर आकाराच्या कार्ट्रिज कागदावर, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदावर, काढा आणि ७१ टक्क्यांवर लहान करून ए-फाइव्ह छापा. बांधणीच्या बाजूला २० मिलिमीटर, बाकी तिन्हीकडे १५ सोडा. झेरॉक्स मशीन कडेचे चार-पाच मिलिमीटर छापत नाही, म्हणून कडेपर्यंत जाणारं चित्र नको. चौकटींना ०.८ मिलिमीटरचं पेन, माणसांना ०.५, केस आणि बाकांना ०.३. त्याहून बारीक रेघ लहान करताना तुटते. आडव्या पट्ट्यांमध्ये सहा-सात मिलिमीटर मोकळे ठेवा, शेजारच्या दोन चौकटींमध्ये दोन-तीनच. त्यामुळे डोळा आधी आडवा जातो, मग खाली उतरतो. पेन्सिलची करडी छटा झेरॉक्समध्ये एकतर उडते नाहीतर काळी होते. सावलीसाठी तिरक्या रेघा घ्या, दोन रेघांत किमान एक मिलिमीटर. बडोद्याची न्यायमंदिराची इमारत किंवा सुरसागर तलाव एकदाच, दुसऱ्या पानावर, नीट निरखून काढा. नंतर खिडकी आणि फळा पुरतो.

पानं जुळवताना कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज नेहमी १७ आली पाहिजे. सर्वांत बाहेरच्या कागदावर डावीकडे १६ आणि उजवीकडे १, त्याच्याच पाठीवर २ आणि १५. चार कागदांचा एकच संच छापून, दुमडून, सगळी पानं वाचून बघा. मगच प्रती काढा. दुमडीवर लांब हाताच्या स्टेपलरने दोन पिना मारा आणि बाहेर डोकावणारी आतली पानं कटरने एका रेषेत कापा.