तरुण जोडताऱ्यांचं वय काढताना या चुका टाळा

पावसाळा लागला की गोव्यात दुर्बिणी कपाटात जातात आणि पोरं गाया या अवकाश दुर्बिणीच्या माहितीसाठ्यावर तुटून पडतात. चांगलंच आहे. पण चतुर्थी येईपर्यंत कोणीतरी "सर, तरुण तारा सापडला!" म्हणत येतोच, आणि चूक दरवर्षी तीच असते.

ती चूक म्हणजे जोडताऱ्याला (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांना) एकटा समजून आयसोक्रोनवर, म्हणजे एकाच वयाच्या ताऱ्यांचे रंग आणि तेज दाखवणाऱ्या रेषेवर, बसवणं. कमी वस्तुमानाचा तरुण तारा अजून आकुंचन पावत असतो, म्हणून तो फुगलेला आणि जास्त तेजस्वी दिसतो. पण दोन सारखे तारे एकाच ठिपक्यात मिसळले तरी प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे 0.75 प्रतींचा (प्रत म्हणजे ताऱ्याचं तेज मोजायचं माप) फरक पडतो. या वयात तेज साधारण वयाच्या दोन-तृतीयांश घाताने उतरतं. त्यामुळे दुप्पट तेजाची जोडी खऱ्या वयाच्या जेमतेम एक-तृतीयांश वयाची भासते. 6 कोटी वर्षांची जोडी 2 कोटींची होऊन बसते.

फोंड्याच्या एका मुलाने असाच एक लाल बुटका, म्हणजे लहान, थंड तारा, आणला होता. वय 2 कोटींच्या आसपास, वर्णपटात हायड्रोजन-अल्फाची रेषा उसळलेली, क्ष-किरणांत झगमगाट, सगळी तरुणपणाची लक्षणं. जागा आणि वेग पाहून तारा कोणत्या तरुण गटातला ते आजमावणाऱ्या बॅनियन सिग्मा या साधनाने बीटा पिक्टोरिस गटासाठी (एकत्र जन्मून सोबत सरकणारे तारे) जवळपास पैकीच्या पैकी दिलेले. पोस्टरचा मथळाही तयार. अरीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा) कुठून घेतला, विचारलं. "तक्त्यातून, सर." वर्णपट उघडलाच नव्हता. उघडून 671.8 नॅनोमीटरवरची कॅल्शियमची रेषा मोठी केली, तर एकीच्या जागी दोन, दोन्ही सारख्याच खोल. सॉफ्टवेअरने त्यातल्या एकीचाच वेग उचलला होता. दोन्हींचा मध्य घेतल्यावर गटाशी नातं संपलं. दोघं इतके जवळ की भरती-ओहोटीच्या ओढीने त्यांचं स्वतःभोवती फिरणं परिभ्रमणाशी जखडलेलं. असे तारे म्हातारे झाले तरी भराभर फिरतात आणि तरुणासारखा धिंगाणा घालतात. पोरगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

म्हणून एकाच तारखेचा वेग मी वहीत शिसपेन्सिलीने लिहितो. वेगळ्या तारखेचा दुसरा आकडा जुळला तरच शाई. बॅनियन सिग्मासुद्धा आधी वेग न देता चालवतो, मग देऊन. तो जे सांगतो ते गटात असण्याची शक्यता, वय नव्हे. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता पोरं माझ्याआधी म्हणतात, आणि तरीही तेच करतात.

लिथियमचं दुखणं वेगळं. तारे वयासोबत लिथियम जाळतात, पण वर्णपटात त्याची 670.8 नॅनोमीटरची रेषा नाही म्हणजे तारा म्हातारा, हा निष्कर्ष घाईचा. बीटा पिक्टोरिस गट सुमारे 2.4 कोटी वर्षांचा, तरी त्यातल्या मधल्या एम ताऱ्यांनी (एम हा लाल बुटक्यांचा वर्णपटीय प्रकार) लिथियम केव्हाच जाळलंय. उलट, अगदी थंड एम ताऱ्यात ते अजून शाबूत असतं. वर्णपटीय प्रकार ठरवल्याशिवाय लिथियमवर बोलूच नका. शिवाय जोडीत दुसऱ्याचा प्रकाश मिसळून रेषा उथळ दिसते, ते आधी सुधारा.

गायाचा रूवी (निरीक्षणं एकट्या ताऱ्याच्या गणिताशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) 1.4 च्या खाली, म्हणून तारा एकटा? नाही. अगदी जवळची जोडी त्यातून सहज निसटते.

टेस या अवकाश दुर्बिणीचा एक पिक्सेल 21 आर्कसेकंदांचा. त्यात सापडलेला फिरण्याचा काळ नक्की कोणाचा, हे शेजारी कोण कोण आहेत ते पाहून ठरवा.

बीटा पिक्टोरिस पणजीहून दक्षिणेला जेमतेम 23 अंश वर येतो, म्हणून गटातले तारे तिथेच शोधणारेही भेटलेत. हा गट आपल्या इतका जवळ आहे की त्याचे तारे आकाशभर विखुरलेले दिसतात.

जन्मस्थान शोधायला ताऱ्याला गणिताने काळात मागे चालवणार असाल, तर आधी वेगातली चूक पाहा. सेकंदाला 1 किलोमीटरची चूक 10 लाख वर्षांत सुमारे 1 पार्सेक (सव्वातीन प्रकाशवर्षं) होते. 2.4 कोटी वर्षं मागे गेलात तर जवळपास 25 पार्सेक. जोडीची कक्षा माहीत नसताना चूक याहून कितीतरी मोठी असू शकते. अशा ताऱ्याचा मागचा रस्ता मी काढतच नाही.