पावसाळ्यात मँगनीजच्या कॅटॅलिस्टने कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड कसा करायचा

विजेवर कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड करायच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला कॅटॅलिस्ट (क्रिया घडवून आणणारा) म्हणून कुठला कॉम्प्लेक्स (धातूच्या अणूला इतर रेणू जोडलेलं संयुग) घेऊ असं बरेच जण विचारतात. माझं मत, मँगनीज बायपिरिडिन ट्रायकार्बोनिल ब्रोमाइड घ्या. आधी 1984 मध्ये फ्रान्समधले केमिस्ट जाँ-मारी लेन यांच्या ग्रुपने याच्या रेनियम धातूवाल्या भावंडावर हेच काम दाखवलं होतं पण रेनियम भलताच महाग, आणि 2011 मध्ये फ्रान्समध्येच मँगनीजवर जमलं. मँगनीज म्हणजे आपल्या गोव्यात सांगे-केपेकडे खाणीतून निघायचं तेच, म्हणून मला त्याची जास्तच आपुलकी.

हा कॉम्प्लेक्स उजेडात खराब होतो, तेव्हा बाटली न् सेल (ज्यात इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडतो ते भांडं) दोन्हीला फॉइल गुंडाळा. ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड अॅल्युमिनाने आरशासारखा पॉलिश करा, अॅसिटोनायट्राइलमध्ये वीज वाहायला 0.1 मोलर टेट्राब्युटिल अमोनियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट हे मीठ घाला, पहिला स्कॅन (व्होल्टेज बदलत करंट मोजणं) आरगॉन या निष्क्रिय गॅसखाली घ्या, मग कार्बन डायऑक्साइड सोडा आणि शेवटी साधारण 5 टक्के पाणी घाला.

पाणी का, तर इलेक्ट्रॉन मिळाल्यावर ब्रोमाइड सुटतो, मँगनीजवर जागा रिकामी होते, तिथे कार्बन डायऑक्साइड कार्बनच्या बाजूने चिकटतो, पण त्याचा एक ऑक्सिजन काढायला प्रोटॉन लागतात. पाणी नसेल तर करंट फारसा वाढायलाच नको.

आणि इथेच आपल्याकडचा पाऊस घात करतो. गेल्या जुलैत आमच्या एका मुलीला पाणी न घालताच करंट चढलेला दिसला, सगळे खूश, मग बघतो तर सॉल्व्हंटची बाटली दोन दिवस नुसती बूच लावून ठेवलेली, हवेतली सर्द आत गेली होती. तेव्हापासून सॉल्व्हंट 3 अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणारे दाणे), ते वीज वाहणारं मीठ व्हॅक्युम ओव्हनमध्ये, आणि कार्बन डायऑक्साइडच्या लाइनलाही ड्रायिंग ट्यूब, तिन्ही सक्तीचं.

करंट वाढला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड झालाच असं धरू नका हो, प्रोटॉनपासून हायड्रोजनही निघतो. सेल बंद ठेवून इलेक्ट्रोलिसिस करा, वरचा गॅस सिरिंजने काढून जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफ, गॅस वेगळे करून ओळखणारं यंत्र) घाला, मग कॉम्प्लेक्स न घालता तेच सगळं परत करा. जमलं तर कार्बन-13 (थोडा जड कार्बन) वाला कार्बन डायऑक्साइडही वापरून, निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडचं वजन मास स्पेक्ट्रोमीटरवर बघा, कारण या कॉम्प्लेक्सच्या अंगावर मुळातच तीन कार्बोनिल (जोडलेले कार्बन मोनॉक्साइड) आहेत, तो मोडला तरी कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि जीसीला दोन्ही सारखेच. सेल उघडायचा तो फ्यूम हूडमध्येच, या विषारी गॅसला वास नसतो.