भट्टीच्या मातीत काय मिसळावे, म्हणजे तडे जात नाहीत

भट्टीला आतून लावलेली माती दोनदा आकसते: आधी वाळताना, मग भाजताना. निव्वळ चिकणमाती वाळतानाच फाटते आणि खापर मात्र विस्तवावर फोडले जाते. म्हणून आधी आपली माती किती आटते ते मोजा. १२ सेंमी लांबीची पट्टी थापा, ओलेपणीच तिच्यावर १०० मिमी अंतराने दोन खुणा करा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. खुणांमधले अंतर ९६ मिमीपेक्षा कमी भरले तर भर, म्हणजे मातीत मिसळायचा चुरा किंवा वाळू, वाढवा. अंगठ्याने घासून माती भुरभुर सुटली तर भर जास्त झाली.

सगळ्यात भरवशाची भर म्हणजे खापरीचा किंवा विटेचा चुरा. तो एकदा भाजून निघालेला असल्यामुळे पुन्हा फारसा आकसत नाही. धुळीपासून ३ मिमीपर्यंतचे कण एकत्र ठेवा. एकाच मापाच्या कणांत पोकळ्या राहतात. कोरड्या वजनाने ३० टक्क्यांपासून सुरुवात करा. जाड थराला याहून जास्त लागतो. चुरा आधी भिजवून घ्या, नाहीतर तो मातीतलेच पाणी ओढतो. साधी लाल वीट हजार अंशांच्या पुढे भरवशाची नाही. तिथे अग्निविटेचाच चुरा हवा.

वाळू वाळतानाचे तडे नक्की रोखते. पण ५७३ अंश सेल्सियसला वाळूतला क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) एकदम फुगतो, थंड होताना तितकाच आकसतो. त्यामुळे रोज तापणाऱ्या आतल्या थरात वाळू बेताचीच बरी. समुद्राची वाळू नकोच, तिच्यात शिंपल्यांचा चुना असतो. तो भाजला की कळीचा चुना होतो आणि नंतर हवेतला ओलावा पिऊन फुगतो, मातीच्या टिकल्या उडवतो.

तूस, लाकडाचा भुसा किंवा बोटभर कापलेले गवत घातले की वाळताना माती धरून राहते. पुढे ते जळून जाते, बारीक पोकळ्या उरतात आणि थर उष्णता कमी सोडतो. पण तो ठिसूळही होतो. म्हणून हे बाहेरच्या थरात घाला, चार घमेली मातीला साधारण एक.

सिमेंट घालायचा मोह आवरा. त्यातले बांधून ठेवणारे घटक पाण्याच्या जोरावर घट्ट झालेले असतात, विस्तवात ते पाणी निघून जाते आणि सगळे भुसभुशीत होते.

मिश्रण योग्य असूनही घाईने फुटते. थर गोणपाटाखाली हळू वाळवा. घट्ट पण ओलसर असताना फळीने ठोका. पहिला जाळ अगदी मंद ठेवा. तोंडाशी थंड पत्रा धरल्यावर त्यावर दव जमेनासे होईपर्यंत आच वाढवू नका, कारण आत अडकलेली वाफ थरच उडवते.

केसाएवढे तडे सोडून द्या, ते तापल्यावर मिटतात. रुंद तडा खरवडून मोकळा करा, कडा भिजवा आणि निम्मा चुरा असलेली घट्ट माती ठोकून भरा. पातळ लगदा ओतलात तर तो आटून तडा पुन्हा तिथेच उघडतो.