पहिल्या वर्षी मार्क नंतर बघा, आधी शेरे वाचा

विद्यापीठातल्या लेखन-मदत केंद्रात मी काम करतो. पहिल्या वर्षाची मुलं येतात ती वेळापत्रक बघून खूश होऊन: आठवड्याला तास एवढेच? युरोपातल्या क्रेडिट-पद्धतीचा हिशेब मग मी त्यांच्यासमोर मांडतो. पूर्णवेळ वर्षाला ६० क्रेडिट, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. लेक्चर हा त्यातला लहान भाग. बाकीचं आपलं आपण करायचं हे गृहीत असतं. कसं करायचं, ते सांगायला फारसं कुणी थांबत नाही.

वाचनाचं थोडक्यात सांगतो. शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचत सुटू नका. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग पद्धत. नंतर पान मिटून काय कळलं ते आपल्या शब्दांत लिहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते.

खरी गाडी अडते ती असाइनमेंटवर. तपासून आलेल्या असाइनमेंटवरचे मार्क बघून ती बाजूला टाकणारे अनेक. समासातल्या शेऱ्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळ्यांत जास्त दिसणारा शेरा म्हणजे 'हे वर्णन झालं, विश्लेषण कुठे आहे?' मुलं यावर हमखास आणखी माहिती भरतात आणि पुढच्या वेळी तोच शेरा परत मिळवतात. 'महागाई वाढली म्हणून व्याजदर वाढवले' हे वर्णन. 'व्याजदर वाढवूनही महागाई लगेच का उतरली नाही' याचं कारण शोधून, विरुद्ध मत असणाऱ्याला उत्तर देता आलं, की विश्लेषण सुरू झालं. शेरे लिहिणारेही कधी कधी फार तुटक लिहितात, हे मान्य. म्हणूनच विचारायला जायचं.

प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा कच्च्या मुलांसाठी असतात हा समज कुठून येतो कोण जाणे! माझ्या पाहण्यात तिथे जास्त करून बरं लिहिणारेच जातात. जाताना 'मार्क कमी का दिले?' हा प्रश्न घरी ठेवा. त्याने समोरचा बचावाला लागतो. एक परिच्छेद पुढे करा आणि विचारा, 'यात माझा मुद्दा कुठल्या वाक्यात दिसतो?' उत्तर ऐकतानाच टिपून घ्या.

दोघा-तिघांनी एकमेकांचे कच्चे खर्डे वाचायची सवयही लवकर लावा. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याची मांडणी करताना उच्च शिक्षणाचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्येच अभ्यासाइतकाच भर कॉलेजातल्या माणसांशी जुळण्यावर दिला होता. खर्डे वाचण्यात दोन्ही साधतं.

आणि हो, भेटीची वेळ मुदतीच्या आदल्या दिवशीची घेऊ नका. तेव्हा दाराबाहेर रांग असते, आणि मिळालेली सूचना अमलात आणायला हातात एक रात्रच उरते.