सारखे फिरतीवर असाल आणि मराठवाड्यात जागा घ्यायची असेल तर

ज्यांचं काम फिरतीचं आहे, म्हणजे आज पुणे परवा हैदराबाद, त्यांनी भाव न् लोकेशनच्या आधी एकच विचारावं, आपण नसताना त्या जागेकडं बघणार कोण. भाऊ, मेहुणा, जुना दोस्त, कोणीही चालेल पण तो त्याच गावात राहणारा पाहिजे आणि महिन्याला एक चक्कर मारणारा पाहिजे. असं कोणी नसेल तर मोकळा प्लॉट घेऊच नका, फ्लॅट बघा.

आता लोक म्हणतील प्लॉटलाच रिटर्न जास्त. असेल ना, पण संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनकडं किंवा जालन्याकडं समृद्धी महामार्गाच्या नावावर जे प्लॉटिंग चाललंय तिथं वर्षभर कोणी फिरकलंच नाही तर शेजारचा तारेचं कुंपण दोन फूट आत घेतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. घ्यायचाच असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी, म्हणजे जागेची सरकारी हद्द ठरवणारी मोजणी, करून घ्या, खुणांचे दगड रोवा, कंपाउंड मारा, आणि आपल्या माणसाला दर महिन्याला चारही कोपऱ्यांचा व्हिडिओ पाठवायला सांगा.

कागद मात्र स्वतः बघा, हे दुसऱ्यावर सोडायचं काम नाही, आणि आता बरंचसं मोबाईलवरच होतं. डिजिटल सहीचा सातबारा सरकारच्या महाभूमी साइटवर १५ रुपयात निघतो. पण नुसता आजचा सातबारा बघून खुश होऊ नका, आपल्याकडं निजामाच्या काळापासूनच्या भानगडी आहेत, इनाम, देवस्थान, वक्फ, कूळ (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा), आणि हैदराबाद कूळ कायदा १९५० चा, तो पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळा, त्यामुळं पुण्याच्या वकिलाला विचारून भागत नाही, तिथल्याच जिल्ह्यातला वकील लावा न् जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), खासरा (जुनी जमीन नोंद) काढून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीचा मागोवा, घ्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विकायला बंधन असलेली जमीन, दिसलं की थांबा, बहुतेक वेळा कलेक्टरची परवानगी लागते. एजंट म्हणतो "सर होऊन जातं", तर होऊ द्या आधी, मग टोकन द्या.

फ्लॅट घेत असाल तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाका, ताबा कधीचा आणि बिल्डरवर तक्रारी किती ते दिसतं. करारनामा रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागितले तर ते कायद्यात बसत नाही, सरळ सांगा. आणि पाणी! लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे विसरू नका, सोसायटीत बोअर किती, उन्हाळ्यात टँकर किती लागतात हे वॉचमनला विचारा, बिल्डरला नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) देता येतं, पण जवळच्या नात्यातल्या माणसालाच द्या, सब-रजिस्ट्रारसमोर नोंदवून द्या आणि फक्त त्याच एका व्यवहारापुरतं द्या. सगळे अधिकार एकदम लिहून देणारे लोक बघितलेत, मला तर भीती वाटते. उलट समोरचा नुसत्या मुखत्यारपत्रावरच जागा विकायलाय, खरेदीखत नको म्हणतोय तर उठून या, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय की त्यानं मालकी येत नाही. खरेदी झाली की फेरफाराच्या नोटिसा दाखवणाऱ्या 'आपली चावडी' या सरकारी साइटवर अधूनमधून बघत जा, तुमच्या गटावर कोणी फेरफार टाकला तर हरकतीला १५ दिवस असतात आणि गावात नसलेल्या माणसाचे ते असेच निघून जातात.

भाड्यानं द्यायचं असेल तर लातूरला क्लासेसच्या एरियात पोरांना रूम लागतातच, पण 'नीट' (NEET) परीक्षा झाली की मे-जूनला रिकाम्या होतात, तेव्हा हिशोब बारा महिन्यांचा धरू नका. दूर राहून सांभाळायला मला तरी नोकरदार कुटुंबाचा भाडेकरू बरा वाटतो, भाडं थोडं कमी आलं तरी. करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो रजिस्टर करावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची असते, ऑनलाइन होतो, अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट घरी येतात, तुम्ही ज्या शहरात आहात तिथंच अंगठा देऊन मोकळं व्हा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, लाइटबिल महावितरणच्या ॲपवर आपणच बघत जा, आणि घरपट्टीची पावती दरवर्षी आपल्याच नावानं निघतेय ना तेवढं तपासा.