मायएसक्यूएलच्या काळ्या खिडकीत या चुका टाळा

मायएसक्यूएल म्हणजे डेटाबेस, आणि काळी खिडकी म्हणजे त्याला टाईप करून हुकूम (क्वेरी) द्यायची जागा. दर आठवड्याला कोणीतरी तिथला स्क्रीनशॉट पाठवतं, 'दादा क्वेरी अडकलीय, सर्व्हर डाऊन आहे का?' सर्व्हर ठणठणीत असतो. प्रॉम्प्ट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची खूण, बघा ना जरा, तिथे नुसता -> आलाय, म्हणजे सेमीकोलन राहिलाय आणि तो बिचारा पुढच्या ओळीची वाट बघत बसलाय. '> दिसलं तर कोट उघडा राहिलाय, मग कितीही सेमीकोलन मारा, एन्टर बडवा, सगळं त्या कोटाच्या पोटात जातं. आधी कोट बंद करा, मग बॅकस्लॅश सी (लिहिलेलं रद्द), की परत सुरुवात.

आता व्हेअर, म्हणजे कुठल्या ओळींवर काम करायचं ती अट. ती सुटण्याची चूक मी पण केलीय. एका पतसंस्थेचं काम होतं, एका सभासदाचा मोबाईल नंबर बदलायचा, बास. अपडेट नोटपॅडमध्ये दोन ओळींत लिहिलं आणि सवयीने पहिल्याच ओळीच्या शेवटी सेमीकोलन दिला. पेस्ट केल्याबरोबर पहिली ओळ पळाली, दुसऱ्या व्हेअरवाल्या ओळीला सिंटॅक्स एरर आला आणि मी शहाणा तो एररच वाचत बसलो, त्याच्या वर 'रोज मॅच्ड: 6140' (म्हणजे 6140 ओळींना लागू) लिहिलंय ते बघितलंच नाही. अकरा वाजता हप्त्याचे मेसेज सुटले ते सगळे एकाच काकांना. काकांचा फोन, 'अहो, मी कर्ज एकच घेतलंय!' रोलबॅक (बदल मागे घ्यायचा हुकूम) मारला, पण ऑटोकमिट चालू, म्हणजे प्रत्येक बदल लगेच पक्का, कशाला काय परत येतंय. रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, सकाळी बदललेले नंबर मात्र अर्ज शोधून हाताने भरले.

तेव्हापासून आधी तीच व्हेअर लावून सिलेक्ट काउंट (ओळी मोजायच्या), मग स्टार्ट ट्रान्झॅक्शन (आता बदल लगेच पक्का होत नाही), मग अपडेट, आकडा जुळला तरच कमिट, म्हणजे बदल पक्का. वर सेफ-अपडेट्स, म्हणजे व्हेअरशिवायचं अपडेट अडवणारा ऑप्शन, कायम चालू. याच ऑप्शनचं दुसरं अधिकृत नाव 'आय अ‍ॅम अ डमी' आहे, म्हणून की काय नवीन पोरांना ते लावायला लाज वाटते. दोन मिनिटं वाचवायची असतात त्यांना, वाचवा.

बाकी किरकोळ. रिकाम्या (नल) जागा शोधताना '= नल' लिहून शून्य ओळी आल्या म्हणजे डेटा उडाला नाही, 'इज नल' लिहा. लॉगिन करताना मायनस पी (पासवर्डचा ऑप्शन) नंतर स्पेस देऊन पासवर्ड टाकलात तर तो डेटाबेसचं नाव समजतो, त्यापेक्षा नुसता मायनस पी द्या, विचारेल तो. मराठी नावांच्या जागी ???? दिसले की टेबल बदलायला धावू नका, आधी 'सेट नेम्स यूटीएफ8एमबी4' (जोडणीचा अक्षरसंच बदलायचा हुकूम) करून बघा.

आणि लिनक्सवर सॉकेटचा (त्याच मशीनवरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या फाईलचा) 2002 एरर आला तर लोकलहोस्टच्या (म्हणजे हेच मशीन) जागी 127.0.0.1 द्या, लोकलहोस्ट म्हटलं की तो सॉकेटच शोधतो. तरी नाही जोडलं, तर सर्व्हर खरंच बंद असेल. तेव्हा करा मला फोन.