काकांचं बक्षीसपत्र रद्द करून घेतलं: माझा अनुभव

काकांनी कोथरूडचा राहता फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने दिला. अशा दस्ताला मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, त्यामुळे सगळं झटपट उरकलं. वर्षभरात औषधांचे पैसे बंद झाले आणि काकूंना स्वतःच्या गॅसला हात लावायची चोरी झाली.

दिवाणी दावा म्हणजे नुसत्या तारखा. म्हणून ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ चं कलम २३ धरलं आणि प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज केला.

खरी मेख अटीत आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळ केला नाही, तर दस्त रद्द करता येतो. अशी अट होती हे दाखवावंच लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. नुसतं ‘प्रेमापोटी’ लिहून भागत नाही (आणि बहुतेक छापील मसुद्यांत तेवढंच असतं!). काकांच्या दस्तात तिसऱ्या पानावर सापडलं: ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांचा आजन्म सांभाळ करतील.’ (लिहून घेणार म्हणजे मुलगा, लिहून देणार म्हणजे काका.) ती ओळ मार्करने रंगवली. सोबत इंडेक्स दोन (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा), औषधांची बिलं, शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र. न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा निकालही जोडला.

दस्त रद्द झाला. आदेशाची प्रत दुय्यम निबंधकांकडे (दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयात) दिली, मग सोसायटीत आणि मिळकतकराला काकांचं नाव परत लावलं. चिरंजीव अजून बोलत नाहीत. काकूंना त्याचं फारसं काही वाटत नाही.